मास्तरांनी कूस बदलली

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, पण बायकोला शिकवणं काही जमलं नाही. लग्नानंतर एकदा मोकळ्या मैदानावर प्रयत्न झाला होता. तिचा पाय क्लचवरून सुटेना आणि यांचा आवाज खाली येईना. शेवटी ती उतरली आणि तडक चालत घरी आली. पुढे तिने स्कूलचं ऑफिस सांभाळलं, फोन घेतले, शिकणाऱ्यांच्या वेळा लावून दिल्या, पण स्टिअरिंगला हात लावला नाही. लोक तिला मास्तरीणबाई म्हणत, तेव्हा तिचं तिलाच हसू येई.

मग मास्तरांना कंपवाताने गाठलं. आधी डावा हात थरथरू लागला, नंतर पाय जड झाले. दारापाशी आले की जमिनीला खिळल्यासारखे उभे राहत. चेहऱ्यावरची रेषाही हलेना, त्यामुळे ते रागावलेत की थट्टा करतायत, हे तिलाही उमगेना. अंथरुणात कूस बदलणंसुद्धा होईना. ते हाक मारत, ती उठून खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून त्यांना वळवी, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा हाक.

गाडीची किल्ली मास्तरांनी स्वतःहून टेबलावर ठेवली. स्कूल त्यांच्याच एका विद्यार्थिनीने चालवायला घेतलं. हॉस्पिटलच्या खेपा वाढल्या तशी मास्तरीणबाई गुपचूप तिच्याकडे शिकायला जाऊ लागली. एकदा नापास झाली, मग पास झाली. घरी सांगितलं तेव्हा मास्तरांनी लायसन्स मागून घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "रिव्हर्स येतो का?"

गोळ्यांचा जोर लवकर ओसरू लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून नवा उपचार समजावला. हालचालीसाठी मेंदूला डोपामिन लागतं. ते बनवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कोवळ्या पेशी बारीक सुईने मेंदूत सोडायच्या. रुजल्या, तर त्या तिथेच डोपामिन बनवतील. पण हे सगळं अजून चाचणीच्या पायरीवर होतं. डोक्याचं ऑपरेशन, त्यात जोखीम, शरीराने त्या पेशी नाकारू नयेत म्हणून वेगळी औषधं, आणि गुण येईलच याची हमी नाही.

लेकीने फोनवर नको नको म्हटलं. मास्तरीणबाईच्याही ओठांवर नकारच होता. पण मास्तर तिला म्हणाले, "नुसतं बसून राहिलो तरी बिघडणारच आहे मी. निदान काहीतरी करून बघू." ठरल्या दिवशी तीच त्यांना गाडीतून घेऊन गेली.

ऑपरेशन सुरळीत झालं, आणि मग काहीच झालं नाही. आठवडे गेले, महिने गेले. पेशींना रुजायला, फुटवे फुटायला वेळ लागतो, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं होतं, तरी ती रोज सकाळी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघे. मास्तर म्हणत, "बघतेस काय अशी? मी काय कुंडी आहे?"

एकदा तपासणीहून परतताना चौकात एक सायकलवाला आडवा आला. तिने ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी शेजारी धाडकन आवाज झाला. मास्तरांचा उजवा पाय गाडीच्या तळावर आपटला होता. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असे. तोच दाबायला पाय गेला होता, आणि गेला होता विजेसारखा. तिने गाडी कडेला घेतली आणि ती रडायलाच लागली. घरी पोचायच्या आत लेकीला फोन झाला, बहिणीला झाला.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. धोका दिसला की या आजारातला माणूसही कधीकधी झटकन हलतो, त्या म्हणाल्या. त्याचं श्रेय पेशींना देऊ नका, त्या अजून तान्ह्या आहेत. मास्तरीणबाईचा चेहरा पडला. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना आता काय सांगायचं? त्यानंतर तिने बघणंच सोडून दिलं.

असाच बराच काळ गेला. एका सकाळी ती जागी झाली तर खिडकीतून चांगलं ऊन आत आलेलं. इतकी सलग झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. रात्री एकही हाक कशी आली नाही? मागे वळून बघायचा धीर होईना. शेवटी वळली, तर मास्तर तिच्याकडे तोंड करून, गालाखाली हात घेऊन, मस्त घोरत होते. रात्री तिने त्यांना भिंतीकडे तोंड करून निजवलं होतं.

तिने त्यांना उठवलं नाही. या वेळी फोनही कुणाला केला नाही. आठवडाभर रोज सकाळी तसंच घडलं, तेव्हा कुठे तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी मास्तरांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, मेंदूचा फोटो काढला. पेशी रुजल्या होत्या.

मास्तर अगदी पहिल्यासारखे झाले असं नाही. डावा हात अजून थरथरतो, आजारात गेलेली वास घेण्याची शक्ती परत आलेली नाही, आणि गाडी चालवायला डॉक्टरीणबाईंनी अजून परवानगी दिलेली नाही. पण गोळ्या निम्म्यावर आल्यात, दार ते न थबकता ओलांडतात आणि शर्टाची बटणं स्वतः लावतात. वाद तर पूर्वीइतकाच घालतात.

गेल्या आठवड्यात मास्तरीणबाई एकटीच गाडी घेऊन धाकट्या बहिणीकडे गेली. निघताना तिचा पाय दारातून निघत नव्हता. मास्तरांनीच तिला जवळजवळ हाकललं. दुसऱ्या दिवशी तिने फोन केला, जेवलात का, पडलात वगैरे नाही ना, विचारलं. सगळं ठीक होतं.

"मग उद्या निघते मी," ती म्हणाली.

"घाई काय आहे? रहा की आणखी दोन दिवस."

आतून बहीण चहासाठी हाक मारत होती.

"बरं," ती म्हणाली. "राहते."