सिरिलच्या बंदुकीला चार भोकं

माझा नवरा गुस्ताव हयात होता तेव्हा सिरिलने त्या बंदुकीला आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात कधी पान्हा लावू दिला नाही. पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये, त्याच्या खांद्यावर असायची तसलीच ही लष्करी बंदूक. सरकारने जुनी हत्यारं विकायला काढली तेव्हा घेतलेली. "तुझा नवरा देवमाणूस गं, पण हात लोहाराचे," असं मला तोंडावर म्हणायचा. गुस्ताव गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं, तेव्हा तर विचारायलाच नको. आणि त्या नोव्हेंबरात हाच माणूस बंदूक घोंगडीत गुंडाळून दारात उभा.

"वेरोना, हिच्यावर दुर्बीण बसवून दे."

"अहो, ताप-बिप आलाय का तुम्हाला?" मी म्हटलं.

ताप नव्हता. त्याचा भाऊ मेथोड, सगळ्यांचा मेटो, त्याच वसंतात गेला होता, खाणीची धूळ छातीत भरून. दोघं भाऊ हरणांच्या शिकारीच्या मोसमात वर डोंगरात एकाच ओंडक्यावर पाठीला पाठ लावून बसायचे, जन्मभर. मेथोडच्या बायकोने त्याची नेमबाजीची लांबलचक दुर्बीण सिरिलला दिली होती.

"गेल्या साली नळीच्या टोकावरची नेम धरायची माशीच धूसर दिसायला लागली," तो म्हणाला. "काचेतून दिसेल. सोमवारी मोसम उघडतोय. मेटोची जागा पहिल्याच वर्षी ओस पडलेली मला चालायची नाही."

"आणि झुझा काय म्हणते?"

"बायको काय म्हणणार? घरी बसा म्हणते. घरी बसून काय करू, कोबी चिरू?"

मी त्याला स्पष्ट सांगितलं. दुर्बिणीच्या कड्या धरायला दोन पोलादी ठोकळे लागतात, ठोकळ्यांना चार स्क्रू, म्हणजे बंदुकीला चार भोकं. एकदा पाडली की पाडली, मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत. "पाड," तो म्हणाला.

त्या जुन्या पोलादाची साल भलती कडक. ड्रिलचं टोक नुसतं घसरत होतं. आधी बारीक दगडाने साल घासली, मग भोकं घेतली. भोकांत स्क्रूचे आटे पाडताना तर मी श्वास रोखून धरला होता, कारण हत्यार आत मोडलं तर सगळंच मुसळ केरात. पाव फिरकी पुढे, थोडी मागे, तेल, परत पुढे. प्रत्येक भोकाला सिरिल दाढ उपटल्यासारखा कण्हत होता. बघत होता तोही मान वाकडी करून, कोंबडा बघतो तसा. मला वाटलं, बिचाऱ्याला समोरून बघवत नाही.

ठोकळे घट्ट बसले, दुर्बीण चढली. मग बंदूक खिडकीशी व्हाइसच्या जबड्यात धरली आणि तिचा बोल्ट काढला. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलून मागून दार लावणारा दांडा. तो काढला की नळीतून आरपार दिसतं. नळीतून टेकडीवरची पाण्याची टाकी बरोबर मध्ये आणली आणि दुर्बिणीतली फुलीही त्याच टाकीवर जुळवली. काम झकास झालं होतं, उगाच कशाला लाजू?

"या, बघा आता. फुली कुठे आहे सांगा."

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. डोकं इकडे केलं, तिकडे केलं.

"फुली घालायची विसरलीस तू."

"काहीतरीच काय! टाकीवर आहे ती."

"टाकी कुठे आहे? कडेला झाडं आहेत, वर आभाळ आहे. फुलीच्या तारा कडेने आत येतात आणि मध्येच संपतात. मध्ये नुसता करडा डाग आहे."

"दुसऱ्या डोळ्याने बघा."

बघितलं. मग तो सरळ उभा राहिला आणि टोपी हातात घेतली. "स्क्रँटन शहरातल्या डॉक्टरने उन्हाळ्यातच सांगितलं होतं," तो म्हणाला. "नजरेचा मधलाच भाग जातोय म्हणून. मला वाटलं, मोठं करून बघितलं की डागाच्या बाहेर येईल."

माझं डोकंच फिरलं. "आधी सांगायला काय झालं होतं? मी हात लावला नसता बंदुकीला!"

"म्हणून तर नाही सांगितलं."

त्याने बाकावरचा बोल्ट चाचपून उचलला आणि माझ्या हातात दिला. "हा तुझ्याकडे राहू दे. याच्याशिवाय ही बंदूक म्हणजे काठी, कुणाला इजा नको. आणि हे कुणाला कळायला नको. झुझाला तर नाहीच."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी जाणार. वाट दिसते गं मला. जे बघायला जातो तेवढंच दिसत नाही."

मी बोल्ट गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्याने बंदूक घोंगडीत गुंडाळून घरी नेली.

सोमवारी संध्याकाळी, नेहमीप्रमाणे, सगळे डोंगरावरून उतरून माझ्या दुकानात शेगडीभोवती जमले. बाहेर गाड्यांवर हरणं बांधलेली. सिरिलही आला, बंदूक घरी टाकून.

"काय मग, दुर्बीणवाले?" फेरो म्हणाला. फेरो खाणीतला त्याचा जुना जोडीदार, जिभेला हाड नसलेला. "दोन नर तुमच्या ओंडक्यासमोरून गेले, हे एवढ्या शिंगांचे! मी वरच्या कड्यावरून बघितले. तुम्ही नुसते बसून! दिसले नाहीत की काय?"

शेगडीजवळचे सगळे सिरिलकडे बघायला लागले.

"दिसले की," सिरिल म्हणाला. "ते पुढे वळणावर गेले तेव्हा बार टाकला. चुकला."

मोसमाच्या पहिल्या दिवशी डोंगरात इतके बार होतात की कुणाचा कुठला, कोण सांगणार? पण ज्याचा बार चुकतो त्याच्या सदऱ्याचं शेपूट, म्हणजे मागची खालची कड, कापून भिंतीवर टांगायचं, ही आमच्याकडची रीत. एकच कल्ला झाला. दोघांनी त्याला धरला, सदरा विजारीतून ओढून काढला. दुकान माझं, म्हणून कात्री मी चालवायची.

कात्री त्याच ड्रॉवरमध्ये होती. उघडला तर तिच्याशेजारी बोल्ट पडलेला. या सगळ्यांना झाडूने हाकलून द्यावं असं मनात आलं. कात्री घेतली आणि ड्रॉवर लावून टाकला.

"सरळ काप, वेरोना," सिरिल म्हणाला. "कापलेला सदरा घरी झुझाला दाखवायचाय."

मी सरळ कापलं, पण बोटभरच; ते बघून फेरो म्हणाला, बाईमाणसाला दया आली बघा. सगळे हसले, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्याने सिरिल हसला.