उपयोग माहीत नाही

मुलांनो, जरा मनात आणा. दिवाळीची सुट्टी आहे, तुम्ही नागपूरहून राळेगावला आजोबांकडे आला आहात, आणि आजोबा तुम्हाला फटाक्यांच्या दुकानाऐवजी संग्रहालयात घेऊन जातात. तुमचं तोंड कसं होईल? आभाचं अगदी तसंच झालं होतं.

संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. तिच्या आजोबांनी, वामन गुरुजींनी, निवृत्तीनंतर सायकलवर गावोगाव हिंडून तिथे किती तरी जुन्या वस्तू जमवल्या होत्या. खिडकीशी एक लाकडी चौकट होती. तिला दोन आडवे दांडे आणि एक मूठ. खाली पाटी: ‘रेचा. कापसातून सरकी वेगळी करण्याचे साधन. नादुरुस्त.’

“हा आज माळ्यावर टाकतो,” आजोबा म्हणाले, “इथे फोटो लावू.” आणि ते शिडी आणायला गेले.

“बरंच झालं,” आभा म्हणाली. “कापूस म्हटलं की टीव्हीवर नुसती रडणारी माणसं दिसतात.”

धूळ झटकणाऱ्या विमलताईंचा हात थांबला. त्या शेजारच्याच, संग्रहालयाची किल्ली त्यांच्याकडे असे.

“तसं नको म्हणू, बाई. माह्या सासूचा रेचा हाये तो. त्याच्या रुईच्या गादीवर माहे तिन्ही लेकरं झोपले.”

“पण तो बिघडलाय ना?”

“बिघडला कायचा! इकडं ये.”

काचेच्या कपाटात लाकडाचे दोन तुकडे होते. आजोबांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘लाकडी वस्तू. उपयोग माहीत नाही.’

“त्याच्याच पाचरी हायेत ह्या. ह्या ठोकल्याबिगर दांडे आवळतीन कसे? तीन वर्सांपासून फडक्यानं पुसून राह्यली मी ह्या पाचरी.”

“मग आजोबांना सांगितलं का नाही?”

“गुरुजीले? अवं, माह्या पोराले त्यायनं बाराखडी शिकवली. त्यायची चूक मी काहाडू? आन् तूही सांगू नको. माही आण हाये तुले.”

तेवढ्यात आजोबा आलेच. त्यांनी शिडी भिंतीला टेकवली आणि रेचा उचलायला वाकले. विमलताई फडकं घट्ट धरून खिडकीबाहेर बघू लागल्या. आभाला राहवेना. पण आण मोडायची कशी? सांगायचं नव्हतं, विचारायला मात्र कुणी बंदी केली नव्हती.

“आजोबा, कपाटातले ते तुकडे कशाचे, हे तुम्ही कुणाकुणाला विचारलं?”

“पुष्कळांना. विठ्ठलरावांना, सरपंचांना, सुताराला...”

“आणि रेचा कोण चालवायचं?”

“बायका,” आजोबा म्हणाले, आणि वाकलेले तसेच राहिले. मग सरळ होऊन त्यांनी कपाट उघडलं, ते तुकडे विमलताईंपुढे धरले. “मी सगळ्या पुरुषांनाच विचारत बसलो. विमलताई, आता तुम्हीच शिकवा.”

“घ्या! मी काय गुरुजीले शिकवू?” त्यांनी पदर तोंडाला लावला. पण दुसऱ्या हातानं पाचरी घेतल्याही होत्या. दगडानं दोन ठोके घालून त्यांनी त्या बसवल्या, कोपऱ्यात मांडलेल्या टोपलीतला कापूस दांड्यांशी धरला आणि मूठ फिरवली.

रेचा कुरकुरला. सरकी टपटप अलीकडे पडू लागली आणि पलीकडून रुई बाहेर आली, पातळ, पांढरी, श्वासानंही हलणारी. सासूचं काहीबाही सांगत विमलताई मूठ फिरवत होत्या आणि आजोबा शाळकरी पोरासारखे उकिडवे बसून ऐकत होते.

रुई धुळीच्या फरशीवर पडायला लागली, तशी आभा पलीकडे गेली, मांडी घालून बसली, आणि तिनं आपल्या नव्या फ्रॉकचा घेर रेच्याखाली पसरला.