तोमासाबाईंचं नाक

फिदेन्सियो आरिएता हे शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मेक्सिको शहराचा भूगोल नव्यानं शिकायला घेतला, पण या वेळी जिभेनं. सकाळी घरातून निघायचं, वाट फुटेल तिकडं जायचं आणि जिथं लोक उभ्यानं खाताना गप्प झालेले दिसतील तिथं थांबायचं. दर गुरुवारी दुपारच्या जेवणाआधी पोर्तालेस भागातल्या एका छोट्याशा रेडिओ केंद्रावरून ते या भटकंतीबद्दल बोलत. गॅरेजवाले, शिंपी, इस्त्रीवाल्या बायका, सगळे हात न थांबवता त्यांचं बोलणं ऐकायचे.

बोलणंही तसंच असायचं, साधं. कुठल्या बेकरीतला गोड पाव सकाळी खावा आणि कुठला आदल्या दिवशीचाच बरा लागतो. बाजारामागचा तो मांसवाला उभ्या सळईवरून मांस कापता कापता टोकाला खोचलेल्या अननसाची फोड सुरीनं अशी उडवतो, की ती बरोबर पोळीत पडते. आणि एकदा चुकून ती एका वकिलाच्या खिशात पडली, तर वकिलानं ती तिथंच काढून खाल्ली. फळांचा रस काढणारी एक बाई गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्यात बीट घालायचं की नाही ते ठरवते. "मला नेहमी घालते," मास्तर सांगायचे, "यावरून काय ते समजा."

लोक खूश असत. मास्तर सहसा कुणाला नावं ठेवत नसत. जिथं आवडलं नाही, तिथलं बोलतच नसत. पण त्या गुरुवारी त्यांना राहवलं नाही.

"तोमासाबाईंच्या खाणावळीत परवा मक्याचा रस्सा खाल्ला," ते म्हणाले. "तिथं मी बायकोबरोबर जायचो, ती गेल्यावर एकटा जातो. त्या रश्श्यानं माझे किती रविवार सावरलेत. परवा मात्र वाटलं, कुणीतरी पातेलं विसळून त्या पाण्यात मीठ घालून वाढलंय. मीठ मात्र सढळ हातानं."

कार्यक्रम संपवून बाहेर आले, तर केंद्राच्या पायरीवर तोमासाबाई बसलेल्या. अंगात एप्रन, पायात स्वयंपाकघरातल्या चपला. धिप्पाड बाई, पण त्या वेळी कशा लहान दिसत होत्या.

"मास्तर, ते खरं बोललात की लोकांना हसवायला?"

खोटं बोलायची ही नामी संधी होती. मास्तरांनी टोपी काढली, परत घातली.

"खरं बोललो, बाई."

"वाटलंच मला," तोमासाबाई म्हणाल्या आणि त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मास्तरांना कळेना, ह्या रडतायत की हसतायत. "मोठी सर्दी झाली होती ना मला, तेव्हापासून कसला म्हणजे कसला वास येत नाही. लसूण नाही, करपलेलं नाही, काही नाही. चवही अर्धी गेली. रोज एकेकाला विचारते, कसं झालंय? सगळे म्हणतात, झकास. मला वाटायचं, हात बसलाय, हातानं होत असेल. आता चला."

"कुठं?"

"खाणावळीत. त्या झकासवाल्यांना बघायचंय मला."

दुपारच्या जेवणाची वेळ होती. टेबलं भरलेली. तोमासाबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर म्हणतात, रस्सा विसळवणी लागतो. कुणाला काय म्हणायचंय?"

चमचे थांबले. भाची निदिया वाढत होती. ती एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. शेवटी कुलूपवाला एरास्तो उठला. त्यानं शर्टाच्या खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. आत तिखट होतं, चुरलेला ओरेगानो होता आणि सोललेल्या लसणाच्या दोन पाकळ्या.

"हे काय?"

"घरून आणतो, ताई. बायको बांधून देते."

"आणि हिला माहीत होतं?" बाईंनी निदियाकडे बोट केलं.

"मावशी, तू एवढ्या आशेनं विचारायचीस," निदिया पुटपुटली. "कोण सांगणार?"

मग हळूहळू सगळेच कबूल करायला लागले. कुणी लिंबू जास्त पिळायचं, कुणी दुसरीकडं खाऊन मग इथं यायचं. कोपऱ्यातल्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, की त्या दोनदा खिडकीतल्या कुंडीत ओतून मोकळ्या झाल्या.

"म्हणून माझं जिरेनियम मेलं," तोमासाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अरे, इतकं वाईट खात होतात आणि रोज येत होतात?"

"मग कुठं जाणार?" एरास्तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचं काम ठरलं. सकाळी पातेल्यावर वाकायचं आणि सांगायचं. पहिल्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "डोंगरातल्या एखाद्या गावात संध्याकाळी शिरल्यासारखं..."

"मास्तर, गाव राहू द्या. लसूण शिजला का कच्चा आहे?"

"कच्चा आहे."

"हां. आता कसं बोललात."

आयुष्यभर खाल्लं, पण वास असा मोजून मापून सांगायचा असतो हे मास्तरांना माहीतच नव्हतं. कांदा तांबूस झाल्याचा वास वेगळा आणि त्याच्या पुढच्या क्षणाचा वेगळा. त्यांचं चुकायचं, बाई ओरडायच्या, दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि निदिया मधून प्लेटा काढून घ्यायची. पण रस्सा सुधारत गेला. एरास्तोची पुडी बंद झाली. पुढच्या गुरुवारी मास्तर रेडिओवर म्हणाले, "एका खाणावळीबद्दल मला आता बोलता येणार नाही. तिथं मी स्वतःच नाक खुपसतो." सगळं पोर्तालेस हसलं.

खरी परीक्षा एरास्तोच्या नातीच्या बाप्तिस्म्याला झाली. सगळ्या गल्लीला जेवण, आणि जेवणात मोले. तऱ्हेतऱ्हेच्या सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, चॉकलेट वाटून केलेलं ते दाट कालवण. त्यात मिरची तव्यावर एक श्वास जास्त राहिली तरी सगळं कडू. निदियाला ठसका लागून ती बाहेर पळाली. धुरानं डोळे गळत होते. तोमासाबाई उलथनं धरून मास्तरांच्या तोंडाकडं बघत उभ्या.

"सांगा."

"थांबा."

"मास्तर..."

"थांबा म्हणतो ना. अजून गवतासारखा वास येतोय. अजून. हां, आता मनुकांसारखा... काढा."

बाईंनी तवा उचलला. स्वतःच्या हातानं रांधताना दुसऱ्याच्या शब्दावर तवा उचलायचा, हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

दुपारी अंगणात पंगत बसली. पहिला घास घेतल्यावर गडबड करणारी ती सगळी गल्ली अचानक गप्प झाली. मास्तरांनी ती शांतता ओळखली. तिच्याच शोधात तर ते शहरभर फिरायचे. मग एरास्तोच्या सासूनं मान वर न करता रिकामी प्लेट पुढं केली आणि सगळे एकदम बोलायला लागले.

तोमासाबाई मास्तरांच्या शेजारी येऊन बसल्या. काही बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांनी नाक मुरडलं.

"मास्तर, एक विचारू? तुम्ही अंगाला काय लावता?"

"लव्हेंडर. का?"

"जुन्या ट्रंकेसारखा वास येतो. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मास्तर ओशाळले. कॉलर वर करून हुंगायला गेले आणि मध्येच थांबले. बाईही थांबल्या होत्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग ती धिप्पाड बाई ताडकन उठली आणि अंगणभर धावत सुटली. कोथिंबिरीची जुडी हुंगली, निदियाचे केस हुंगले, बाळाचं डोकं हुंगलं, एरास्तोचा तेलकट हात हुंगून "शी" म्हणाली आणि परत हुंगला. लोक टाळ्या वाजवत होते. मास्तरही वाजवत होते, पण त्यांच्या मनात आलं, की उद्या सकाळी आता कुठं जायचं?

बाई धापा टाकत परत आल्या.

"मास्तर, खाणावळ काढल्यापासून मी दुसऱ्याच्या हातचं बसून खाल्लेलं नाही. रेडिओवर ऐकते फक्त. सोमवारी मला सुट्टी असते."

सोमवारी मास्तर लव्हेंडर न लावता निघाले. आधी दोघं बेकरीत गेले, मग रसवालीकडे. तिनं तोमासाबाईंचा चेहरा निरखून पेल्यात आलं घातलं, बीट नाही, आणि बाईंनी ते मास्तरांना तीनदा ऐकवलं. मग बाजारामागं त्या सळईवाल्याकडं गेले. बाईंनी पोळी गुंडाळली, डोळे मिटून सावकाश चावली. मास्तर श्वास रोखून बघत होते.

"मांस चांगलं मुरलंय," बाई म्हणाल्या. "पण अननस जरा जास्त पिकलाय. दुसरी घ्या, म्हणजे नक्की सांगता येईल."