एकाने निघायचं

वर्षाने हातातला चिकू ठेवायच्या आधीच क्रेट हलला. मग टेबल हललं, डोक्यावरचे पत्रे खडखडले आणि शेडमधल्या सगळ्या बायका काम टाकून बाहेर पळाल्या. घोलवडच्या त्या पॅकिंग शेडसमोर झाडांखाली एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिल्या.

"हा मोठा होता गं बाय," शेजारची तुळशी म्हणाली.

वर्षाचं लक्षच नव्हतं. ती नवऱ्याला, दिपकला फोन लावत होती.

फोन लागेना. धक्का बसला की अख्खा तालुका एकदम फोन करायला लागतो, मग कोणाचा कसला लागतोय! दिवाळीपासून हेच चाललं होतं. डहाणू-तलासरीत जमीन कधी गुरगुरेल त्याचा नेम नव्हता. माणसं थंडीत कुडकुडत अंगणात झोपत होती. आणि मुहूर्त बघा, नेमक्या याच दिवसांत नवराबायको दोघांनाही पहिल्यांदा महिन्याच्या पगाराची नोकरी लागली होती. तिला इथे, त्याला तलासरीला धाग्याच्या कंपनीत. अडीच वर्षांची लेक नवशी दिवसभर गंजाडच्या पाड्यावर, शेजारच्या बुधीबाईकडे.

गेल्या आठवड्यात असाच धक्का बसला तेव्हा वर्षा कोणाला न सांगता रिक्षा पकडून घरी धावली होती. बघते तर नवशी तोंडभर माखून पेज खातेय. तेवढ्यात मोटरसायकल उडवत दिपकही हजर. दोघं एकमेकांकडे बघून पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मात्र दोघांनीही कामावर बोलणी खाल्ली. घरी आल्यावर दिपक म्हणाला होता,

"दोघांनी कशाला जीव तोडून धावायचं? पुढच्या वेळी एकाने निघायचं. दुसऱ्याने नोकरी सांभाळायची."

"चालेल," ती म्हणाली होती. मोटरसायकल त्याच्याकडे, म्हणजे निघणार तोच. त्यात विचारायचं काय?

शेडवाल्या हेतलबेन जवळ आल्या.

"वर्षा, तुला जायचंय? जायचं तर आत्ताच बोल. ट्रक भरायचाय, मी दुसरी बाई बोलावते."

दुसरी बाई. एकदा दुसरी आली की ती कशाला जाते परत!

"नाही बेन. तिचा बाप गेला असेल."

ती आत आली आणि चिकू निवडायला बसली. मोठे एका क्रेटमध्ये, लहान दुसऱ्यात. हात चालत होते, पण लक्ष दिपकच्या रस्त्यावर होतं. आता तो हायवेला लागला असेल. आता पाड्यावर वळला असेल. आता त्याने तिला उचलून घेतलं असेल. तिने पिकून मऊ झालेला चिकू चांगल्यांत टाकला, तो तुळशीने मुकाट्याने बाहेर काढला. वर्षा मध्येच फोन लावून बघायची, तो अजून लागत नव्हता. लागला तरी तो चालवताना उचलणार नाही, अशी स्वतःची समजूत घालायची. रडू येत होतं, पण रडलं तर बेन घरी पाठवतील याचीही भीती. काय म्हणावं या जन्माला!

ट्रक भरून गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. गंजाडच्या फाट्यावर ती रिक्षातून उतरली आणि मागून ओळखीचा हॉर्न वाजला. दिपक. अंगात कंपनीचा शर्ट, हँडलला डब्याची पिशवी.

"नवशी कुठाय?" त्याने विचारलं.

"म्हणजे? तू घरून नाही आलास?"

"मी कंपनीतून येतोय. तू गेली असशील ना... तू आई आहेस, तू कामावर थांबशील असं मला वाटलंच..."

वर्षा मागे बसली. तिने त्याचा शर्ट मुठीत इतका घट्ट धरला होता की त्याला गळ्याशी काचत होतं, तरी तो सोड म्हणाला नाही.

बुधीबाईच्या घराची एका बाजूची कौलं खाली आली होती. अंगणात खाटेवर बुधीबाई पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला फडकं बांधलेलं. तिला टेकून नवशी झोपली होती. केस कौलांच्या धुळीने पांढरे झालेले.

"तिला कुठे लागलं का, आजी?" वर्षाने खाटेपाशी बसत विचारलं.

"तिला काय धाड भरलीय! लागलं मला." बुधीबाई कडाडली. "हललं तशी मी ओरडले, बाहेर पळ! पळाली. शहाणी पोर. मला गुडघ्याने उठता येईना. तर बघते काय, ही आपली परत आत! वरून कौलं पडतायत, आणि ही माझा पदर ओढतेय. चल आजी, चल. हाकललं, ओरडले, एक चापट पण मारली. हलायलाच तयार नाही. शेवटी तिच्यासाठी मी रांगत बाहेर आले."

दिपक मोटरसायकलपाशीच उभा राहिला. त्याला पुढे येववेना.

"मरायची वेळ आली तर आपला जीव घेऊन पळायचं, हे पोराला सांगायला नको?" बुधीबाईने नवशीच्या केसांतली धूळ झटकली. "परत आत यायचं कोणी शिकवलं गं तिला?"

वर्षाने एकदा दिपककडे पाहिलं.

"आम्ही नाही," ती म्हणाली.