साडूंची होडी

मी होडी बोलतेय. दोन सख्ख्या बहिणींच्या नवऱ्यांनी मला भागीदारीत घेतलं, हेच माझं दुर्दैव. सकाळी थोरला साडू वल्ही मारायचा, दुपारी धाकटा. शाळेतली पोरं, भाजीवाल्या, म्हातारी माणसं, सगळ्यांना मी नदीपार सोडायची. तक्रार कुणाचीच नव्हती.

एकदा दोघे एकाच वेळी माझ्यात बसले. एकाच्या हाती एक वल्हं, दुसऱ्याच्या हाती दुसरं, आणि तोंडं मात्र दोघांची चालू. व्हायचं तेच झालं. खडकावर माझा तळ चिरला.

"तूच डावीकडे ओढलीस!"

"तुम्ही उपदेश आवरता घेतला असता तर!"

मला काठावर पालथी घातली आणि तशीच टाकली. दुरुस्त करील त्याची चूक ठरेल, या धाकानं कुणी एक खिळा ठोकला नाही. काय ती अक्कल! उन्हानं माझ्या फळ्यांत फटी पडल्या. पलीकडच्या बाळंतिणीकडे सुईण पुलावरून वळसा घालून पोचली, तोवर बाळ जन्मून रडत होतं. साडूंना त्याचं काय?

थोरला कोर्टात निघाला. तिथला वकील हसत म्हणाला, "या की! निकाल तुमची नातवंडं ऐकतील." तेव्हा तो आल्या पावली परतला. तसं भागीदारीत आधीच ठरलं होतं, की तंटा झाला तर कोर्टाबाहेर निवाडा करणारा लवाद नेमायचा. पण तो दोघांच्या पसंतीचा हवा. दोघांच्या! आमटीतल्या मिठावर ज्यांचं एकमत व्हायचं नाही, ते लवाद निवडणार! एकानं नाव काढलं की दुसरा म्हणायचा, "तो त्याचाच माणूस."

शेवटी बहिणी माझ्याच पाठीवर येऊन बसल्या.

"ताई, लवादाचं काम करणाऱ्या एक वकीलबाई आहेत. सरळ आहेत. पण यांना पटवायचं कसं?"

"पटवायचं कशाला? तू तुझ्याला सांग, माझ्या नवऱ्याला ती बाई मुळीच नकोय. मी माझ्याला तेच सांगते."

दुसऱ्या दिवशी दोघांनी धावत जाऊन सह्या केल्या.

वकीलबाईंनी नदीकाठीच खुर्च्या मांडायला लावल्या. दोघांचं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"होडी याला मिळता कामा नये," थोरला म्हणाला.

"यांना मिळता कामा नये," धाकटा म्हणाला.

"मग बायकांच्या नावे करायची? राजीखुशीनं?"

दोघांनी ताबडतोब माना डोलावल्या. समोरचा हरला, एवढंच त्यांना दिसत होतं. वकीलबाईंनी तसाच निवाडा लिहिला.

आता मी पाण्यात आहे. तळाला नवी फळी, वर डांबर. वल्ही बहिणींच्या हातात. साडूही येतात, एक पुढच्या टोकाला बसतो, एक मागच्या. काल थोरलीनं दोघांपुढे एकेक डबा टाकला. "बसलाच आहात, तर पाणी उपसा." उपसू लागले बिचारे, आणि कोण जास्त उपसतोय यावरून जुंपली.

माझ्यात बसणाऱ्यांनो, पाय चिखलानं भरलेले असले तरी चालतील. भांडण तेवढं काठावर ठेवून चढा. ते ओझं मला पेलत नाही.