यंत्रही राहील, भाचीही

भाचीने आमचे घर सोडायचे ठरवले, ते गवत कापायच्या यंत्रामुळे. ती परिचारिका. रात्रपाळी करून सकाळी येते आणि मागच्या खोलीत झोपते. माझ्या थोरल्या मुलाला दुपारपासून दुकान सांभाळायचे असते, म्हणून तो अंगणात ते पेट्रोलचे धूड सकाळीच सुरू करी.

"मामी, मी दुसरी जागा पाहिली आहे. रागावू नका, पण पेंगत पेंगत मला रुग्णांना सुई टोचता येत नाही."

आईवेगळी झाल्यापासून ही पोर माझ्या हाताखाली वाढली. थोरला म्हणाला, यंत्र भंगारात घालू, वाढेना का गवत. मी त्याला बजावले, "यंत्रही राहील आणि भाचीही. कामाला लाग."

त्याने नवा सायलेन्सर बसवला, यंत्रामागे उभे राहून ते चालवले आणि आवाज निम्मा झाल्याचे जाहीर केले. सूनबाईंनी ओट्यावरून मान डोलावली. भाची मात्र डोळे चोळत बाहेर आली. आमच्या घराची रीतच अशी, की ज्याला त्रास होतो त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचे.

तेव्हा मी स्वतः तिच्या पलंगावर आडवी झाले, डोळे मिटले आणि यंत्र सुरू करण्यास फर्मावले. इंजिनाची घरघर खरोखरच उतरली होती. परंतु पत्र्याचा खडखडाट खिडकीतून थेट कानात घुसत होता.

स्पार्क प्लगची वायर काढायला लावून मी यंत्र आडवे करवले. पात्यावरच्या पत्र्याचे बोल्ट सैल झाले होते आणि पाते एकाच बाजूने झिजल्याने फिरताना सगळे यंत्र हादरत होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून आम्ही बोल्टांखाली घातले, बोल्ट आवळले. पाते घासून मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवले. जी बाजू खाली झुके, ती पुन्हा घासायची.

"आई, सोनाराचा काटा आहे का हा?" थोरला वैतागला.

"दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय पान वाढले जाणार नाही," मी म्हटले. त्या दिवशी आम्ही फार उशिरा जेवलो.

दुसऱ्या सकाळी भाची झोपल्यावर यंत्र सुरू झाले. मी अंगणात उभी राहून सूचना देत होते: डावीकडून घे, भिंतीपासून लांब राहा, वेग कमी ठेव. एवढ्यात खिडकी उघडली. थोरल्याने घाबरून यंत्र बंद केले.

"दादा, तू चालव," भाची जांभई देत म्हणाली. "त्या आवाजात मला छान डोळा लागला होता. मामी, तुम्ही तेवढ्या ओरडू नका. उठल्यावर मी त्या जागेला नाही म्हणून कळवते."

खिडकी पुन्हा लागली. मी थोरल्याला हातानेच खुणावले, की कुंपणाकडचा कोपरा अजून राहिला आहे.