पितळेची पिन

माझ्या भाकरीच्या परातीत आमच्या मालकांनी मोटरीचा कार्बोरेटर धुतला. त्याआधी मला न विचारता माझी दुभती शेळी देऊन ती मोटर घरी आणली. शेळी दूध देत होती. मोटर धूर देते.

गावात त्यांना रामहरीतात्या म्हणतात, मान देतात. देईनात का, घरातलं कोण बघायला येतंय! जन्मभर उसाला पाणी पाजलं, पण पोहायला कधी शिकले नाहीत. आणि आता, नीट दिसेनासं झाल्यावर, उजनी धरणाच्या पाण्यात होडी घालायची हौस. वस्तीवरचा अभिमन्यू मासे धरतो. त्यानं होडीला नवी मोटर घेतली आणि जुनी आमच्या गळ्यात मारली, सोबत एक पोचे पडलेली पत्र्याची होडी.

मला त्या पाण्याचं कौतुक नाही. आमचं जुनं गाव त्याच्या तळाशी आहे. घर गेलं, शेत गेलं. त्या शेतातच कुठंतरी माझी पहिली लेक आहे. कुठं, ते मला माहीत नाही. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बायकांनी जायचं नसतं. मालक तिला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून एकटे घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी आले. "कुटं ठिवली?" मी विचारलं. "ठिवली," म्हणाले. धरणाचं पाणी शिवारात शिरलं त्या साली पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "ठिवली." मग मी विचारणं सोडलं. या पाण्यानं एवढं घेतलं, आता हा माणूस तेवढा घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. पण ते ऐकणार कसे? कान सगळे मोटरीकडं.

अंगणात पाण्याचं पिंप ठेवून त्याच्या काठाला मोटर टांगली. अभिमन्यू शिकवायला यायचा. "तात्या, पाण्याबिगर चालू करायची न्हाय. आत रबराची चक्री हाय, कोरडी फिरली की जळती. ही बगा, बाजूनं पाण्याची चूळ टाकती. चूळ थांबली की मोटर थांबवायची."

"पान खाल्लेल्या पुढाऱ्यावानी थुकती की," मी म्हणाले. अभिमन्यू हसला. मालक हसले नाहीत. ते दोरी ओढत होते. दहादा ओढावी तेव्हा एकदा खोकायची, ती मोटर.

पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं आणि ते फडक्यातून गाळून घालायचं. फडकं माझ्या मऊ लुगड्याचं. प्लगवरची काजळी खरडायची, तीही माझ्या चुलीपाशी बसून. मी शिव्या घालत सगळं बघत होते. बघता बघता शिकलेही, पण ते त्यांना कशाला सांगू?

मग रोज सकाळी एकटेच जायला लागले. जाळं नाही, गळ नाही.

"अवो, म्हशीचं वाटीभर दूध रोज कमी येतंय. मोटरीला पाजताय का काय?"

ते पेट्रोलचा डबा उचलून चालू पडले.

एक दिवस अभिमन्यूनं त्यांची होडी दोरीनं ओढत काठाला आणली. मोटरीच्या खाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्यात आडवी पितळेची बारकी पिन असते, ती मोडली होती. पिन मोडली की मोटर नुसती ओरडते, पंखा फिरत नाही, होडी वाऱ्यावर जाते. अभिमन्यूनं नवी घातली. चार दिवसांनी तीही मोडली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. शेवटी मालकांनी पिनीच्या जागी लोखंडी खिळा कापून ठोकला. कुळवाचं पातं बसवणारा माणूस, त्याला कच्ची वस्तू कशी पटेल!

अभिमन्यूनं तो बघितला आणि डोक्याला हात लावला. "तात्या, ती मोडायलाच घातल्याली असती. पंखा दगडाला लागला की पिन मोडती, आन आतली चक्रं वाचत्यात. खिळा मोडंल व्हय? चक्रंच जात्याल, मंग मोटर भंगारात." त्यानं खिळा ठोकून काढला, पाण्यात भिरकावला आणि पुन्हा पितळेची पिन घातली. मग थांबला. "पर मधल्या पाण्यात पंखा लागायला हाय काय? तात्या, तुमी जाता तरी कुटं?"

"वाऱ्यानं सरकती होडी," असं म्हणून मालक माती उकरत बसले. मी त्यांच्याबरोबर म्हातारी झाले. खोटं बोलताना ते जमिनीकडं बघतात.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी मी जाऊन होडीत बसले.

"उतर."

"न्हाय."

"तुला पाण्याचं भ्या वाटतं."

"वाटतं. चला."

उन्हाळ्यानं पाणी उतरलं होतं. बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे वर आले होते, त्यांवर बगळे बसलेले. मोटर चूळ टाकत चालली होती. मी दोन्ही हातांनी काठ धरलेला. मालकांनी एका काळ्या बेचक्याकडं होडी वळवली आणि मी ते झाड ओळखलं. आमच्या बांधावरची चिंच. तिची एक फांदी मी लग्न होऊन आले त्या साली तोडली होती, तो थोटा अजून तसाच होता.

मालकांनी पिशवीतून दुधाची वाटी काढली.

मला काही विचारावं लागलं नाही.

वाऱ्यात होडी एका जागी ठरेना. ते एका हातात वाटी घेऊन, दुसऱ्या हातानं मोटर तशीच फिरवत चिंचेभोवती घिरट्या घालत होते. खालून टक्क झालं. मोटर किंचाळली आणि होडी आडवी झाली. त्यांनी मोटर बंद केली, वर उचलली आणि वाटी न सोडता एका हातानं पिशवीत चाचपून पिन काढली. ती हातातून निसटून पाण्यात गेली. पिशवीत एकच उरली होती.

"सरका तिकडं," मी म्हणाले.

पंखा अडवून धरणारी वाकवलेली तार पिशवीतल्या पकडीनं सरळ केली, पंखा काढला, मोडक्या पिनीचे तुकडे ढकलून बाहेर पाडले. नवी पिन बसवली, पंखा चढवला, तार घातली, वाकवली. ते बघत राहिले. अंगणात मी काय बघत होते, ते त्यांना तेव्हा कळलं.

"कुटं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी तिसऱ्यांदा.

"हितंच. चिंचेच्या उगवतीला, चार पावलांवर." त्यांनी पाण्याकडं बोट केलं. "दरसाल पाणी उतरलं की काठावरनं चिंच दिसायची. आता तिथवर नजर जाईना. म्हणून मोटर आणली."

"मला का सांगितलं न्हाय?"

"पाणी येणार, ते मला ठावं हुतं. जागा कळली असती तर तू उठली नसतीस तितनं."

खरंच होतं. उठले नसते. पण ते त्यांनी ठरवायचं होतं होय?

वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि दूध मी घातलं. पाण्यावर पांढरं पसरलं, चिंचेच्या बुडाकडं गेलं आणि दिसेनासं झालं. मालक रडत होते. मी त्यांना रडू दिलं. मग ते डोळे पुसून मोटरीची दोरी धरायला वाकले, तेव्हा मी त्यांचा हात बाजूला केला आणि होडीच्या तळातलं वल्हं उचललं.

"ऐका. आजपासनं चिंच दिसली की मोटर बंद. लेकीच्या डोक्यावर पंखा फिरवत बसलाय रोज, बाप म्हनायचं का कोण तुमास्नी? तितनं पुढं वल्हं, आन वल्हं मी मारणार. तुमी दूध धरायचं, आन सांडायचं न्हाय. मला सोडून हितं पुन्हा एकटं यायचं न्हाय, सांगून ठिवते."